पंप बदलायचा आहे. मोठा घ्यावा की दुसरंच काही चुकतंय?

निर्झरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्या प्लांटमध्ये गरम पाण्याचा एक सेंट्रिफ्युगल पंप आहे. पाणी ८० अंश सेल्सियस, त्यात थोडासा कॉस्टिक. उघड्या टाकीतून उचलून १४ मीटर वरच्या उघड्या व्हेसलला पोचवायचं, वाटेत एक हीट एक्स्चेंजर आणि एक कंट्रोल व्हॉल्व्ह. पंपाच्या पाटीवर ६० घनमीटर प्रति तास, ५० मीटर हेड (पंप द्रव किती उंच चढवू शकतो ते), १५ किलोवॅट, २९०० आरपीएम असं लिहिलेलं आहे.

दर दोन-अडीच महिन्यांनी मेकॅनिकल सील (शाफ्टभोवतीची गळती रोखणारा भाग) जातं आणि मधूनमधून खडी भरल्यासारखा आवाज येतो. त्यामुळे नवा पंप घ्यायचं ठरलंय. वरिष्ठांचं म्हणणं, "हा कमी पडतोय, एक साइझ मोठा घे, २२ किलोवॅटचा." तीन कोटेशनं आली आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रकारची. एकात मॅग्नेटिक ड्राइव्ह (चुंबकाच्या जोरावर फिरणारा, सील नसलेला पंप) आहे, एकात १४५० आरपीएमचा पंप, आणि तिसरा आहे तसाच पण मोठा.

निवड करायची कशी? सुरुवात कुठून करू? हे काम पहिल्यांदाच माझ्या नावावर आलंय आणि मला ते नीट करायचंय.

पाना-पक्कड

मोठा घेऊ नका. कारण नंतर लिहितो, आत्ता शिफ्ट चालू आहे.

जुना फिटर

निर्झराताई, कोटेशनं आठवडाभर ड्रॉवरमध्ये ठेवा. आधी एवढं सांगा: डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह किती उघडा असतो?

निर्झरा

काका, साधारण एक तृतीयांश. ऑपरेटर म्हणतात पूर्ण उघडला की अ‍ॅम्पिअर वाढतात आणि वरचं व्हेसल भरून वाहतं. मी आले तेव्हापासून तो तसाच आहे, चाकावर खडूची खूणसुद्धा आहे.

जुना फिटर

मग झालं. गळा आवळून चालवलेला पंप कमी पडत नसतो, तो जास्त होत असतो. त्यालाच आणखी मोठा केलात तर सील दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात जाईल. याला म्हणतात रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

वक्ररेषा

काकांशी पूर्ण सहमत. ते असं का होतं तेवढं सांगतो.

पंप कुठे चालायचा हे पंप एकटा ठरवत नाही. पंपाचा एक वक्र असतो: प्रवाह वाढला की हेड उतरतं. पाइपलाइनचा दुसरा वक्र असतो: शून्य प्रवाहालासुद्धा उंचीचं हेड लागतंच (तुमच्याकडे १४ मीटर, त्यातून टाकीतल्या पातळीची उंची वजा), आणि त्यावर घर्षणाचं हेड प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात चढत जातं. हे दोन वक्र जिथे छेदतात तिथेच पंप चालणार, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. व्हॉल्व्ह आवळला की पाइपलाइनचा वक्र उभा होतो आणि छेदबिंदू डावीकडे सरकतो.

प्रत्येक पंपाचा एक सर्वोत्तम कार्यक्षमतेचा बिंदू असतो, आपण सगळे बीईपी म्हणतो तो. एपीआय ६१० (पंपांसाठीचं अमेरिकन मानक) मध्ये पसंतीची पट्टी बीईपीच्या ७० ते १२० टक्के दिलेली आहे. त्याच्या फार डावीकडे गेलात की व्होल्यूटमधला (इंपेलरभोवतीच्या शंखासारख्या केसिंगमधला) दाब चहूबाजूंनी सारखा राहत नाही, इंपेलर एका बाजूला ढकलला जातो, शाफ्ट किंचित वाकतो आणि दर फेऱ्याला सीलचे फेस हलतात. सील बिचारं सगळ्यात नाजूक, म्हणून ते आधी जातं. आपण सील बदलतो आणि दोष सीलच्या कंपनीला देतो.

तेव्हा पहिलं काम: आज प्रत्यक्षात किती प्रवाह जातोय ते मोजा. पाटीवरचा आकडा धरू नका.

निर्झरा

वक्ररेषा, मनापासून आभार. अडचण अशी की लाइनवर फ्लो मीटर नाही. जुन्या कागदांत "गरज ४० घनमीटर" असं आहे, पण तो आकडा कुणी काढला ते कुणालाच ठाऊक नाही.

काटेकोर

फ्लो मीटर नसला तरी टाकी आहे ना. टाकीचा व्यास मोजा, इनलेट दहा मिनिटं बंद करा, पातळी किती उतरली ते टेपने बघा. घड्याळ आणि टेप एवढ्यावर काम होतं. आणि प्रेशर गेज तीन ठिकाणी हवेत: सक्शनला (हा कंपाउंड गेज, व्हॅक्यूम दाखवणारा), डिलिव्हरीला व्हॉल्व्हच्या आधी आणि व्हॉल्व्हच्या नंतर. एवढं केल्याशिवाय कुठल्याही कोटेशनवर बोलणं म्हणजे अंधारात बाण मारणं.

रसायनी

मी थोडी वेगळ्या बाजूने येते. पंप निवडताना मी आधी द्रवाचं कार्ड भरते: तापमान (नेहमीचं आणि सर्वांत जास्त), घनता, स्निग्धता, बाष्पदाब, घन कण किती आणि कसे, काय कुरतडतं, आणि बंद पडल्यावर गोठतं का. यातला एक रकाना रिकामा राहिला तरी निवड फसते.

घनतेचा अनुभव सांगते. पूर्वीच्या एका प्लांटमध्ये ९८ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडसाठी पंप आला, २५ घनमीटर, ३० मीटर. पाण्यावर चाचणी झाली, सगळे खूश. अ‍ॅसिड घेतलं आणि मोटर ट्रिप. रिसेट केली, पुन्हा ट्रिप. गणित सोपं होतं, पण कुणी केलंच नव्हतं. शाफ्टवरची शक्ती किलोवॅटमध्ये = प्रवाह × हेड × सापेक्ष घनता ÷ (३६७ × कार्यक्षमता). कार्यक्षमता ०.६ धरली तर पाण्याला ३.४ किलोवॅट. या अ‍ॅसिडची सापेक्ष घनता १.८४, म्हणजे ६.३ किलोवॅट. मोटर होती ५.५ ची. रात्री अकरा वाजता कंट्रोल रूममध्ये हे पाठकोऱ्या कागदावर मांडलं तेव्हा सगळे गप्प झाले होते.

सूरपारंबी

बाळबोध प्रश्न आहे, पण विचारतेच. हेड मीटरमध्ये का सांगतात? थेट दाब का सांगत नाहीत?

रसायनी

बाळबोध मुळीच नाही, अ‍ॅसिडच्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे. सेंट्रिफ्युगल पंप द्रवाला वेग देतो आणि त्या वेगाने द्रव अमुक उंची गाठतो. ती उंची द्रव जड असो की हलका, तीच राहते (स्निग्धता फार नसेल तर). ३० मीटर हेडचा पंप पाणीही ३० मीटर चढवेल आणि अ‍ॅसिडही. पण गेजवर पाण्याला साधारण ३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दिसतील आणि अ‍ॅसिडला साडेपाच. म्हणून पंप बनवणाऱ्याला मीटर सोयीचे. केसिंग आणि फ्लँज किती दाब सोसणार ते मात्र आपण आपल्या द्रवाच्या घनतेवर तपासायचं.

सूरपारंबी

इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद, रसायनीताई.

पाना-पक्कड

शिफ्ट संपली. लिहितो म्हणालो होतो.

"मोठा" पंप जन्माला कसा येतो ते मी तीनदा डोळ्यांनी पाहिलंय. प्रोसेसवाला म्हणतो ३२ हवेत, सुरक्षित म्हणून ४० लिहितो. डिझाइनवाला त्यावर दहा टक्के चढवतो. पाइपिंगवाला घर्षणावर पंचवीस टक्के चढवतो, "पाइप जुना होईल" म्हणून. खरेदीवाल्याला नेमका साइझ मिळत नाही, तो वरचा घेतो. मोटर आणखी वरची. प्रत्येकाने आपापल्या परीने काळजीच घेतलेली असते. शेवटी फाउंडेशनवर हत्ती उभा राहतो आणि ऑपरेटर त्याच्या सोंडेला गाठ मारून ठेवतो, चाकावरच्या खडूच्या खुणेसकट.

मार्जिन घ्या, पण एकाच ठिकाणी, आणि ते कागदावर लिहून घ्या.

टॉर्क

मार्जिनच्या बाबतीत थोडा मतभेद. मी दहा टक्क्यांवर समाधानी नसतो. एक्स्चेंजर मळतो, कंट्रोल व्हॉल्व्हला काम करायला स्वतःचा प्रेशर ड्रॉप लागतो. अगदी नेमका पंप घेतला आणि वर्षभराने प्रवाह कमी पडला तर दोष निवडणाऱ्यावर येतो. मी हेडवर पंधरा-वीस टक्के ठेवतो.

वक्ररेषा

टॉर्क, मळलेल्या एक्स्चेंजरचा प्रेशर ड्रॉप धरूनच हेड काढा की. मग वेगळ्या पंधरा-वीस टक्क्यांची गरज राहत नाही. शिवाय केसिंगमध्ये पूर्ण व्यासाचा इंपेलर न घेता मधल्या व्यासाचा घेतला, तर पुढे गरज लागली तेव्हा फक्त मोठा इंपेलर टाकता येतो. आज वीज जाळत बसावं लागत नाही.

टॉर्क

मधल्या व्यासाचा मुद्दा मान्य. तो मी नेहमी मागतो, लिहायचा राहिला.

जुना फिटर

सगळे डिलिव्हरीकडे बघताहेत. ८० अंशांचं पाणी आहे, सक्शनकडे बघा. पंप पाणी ओढत नाही. टाकीवरची हवा ते आत ढकलते, आणि गरम पाण्यात त्या ढकलण्यातला निम्मा जोर वाफेशी झगडण्यात जातो. निर्झराताई, सक्शन लाइन किती इंची, किती लांब, किती एल्बो, जाळी आहे का?

निर्झरा

सक्शन ३ इंची (८० एनबी), साधारण १२ मीटर, चार एल्बो, एक गेट व्हॉल्व्ह, पंपाजवळ बास्केट स्ट्रेनर. टाकीतली पातळी पंपाच्या मध्यरेषेच्या वर ३ मीटरपासून अर्ध्या मीटरपर्यंत उतरते. डिलिव्हरी ४ इंची.

काटेकोर

चला, मांडू या. मिळणारा एनपीएसएच काढायचा, म्हणजे पंपाच्या तोंडाशी द्रवाची वाफ होऊ नये म्हणून हातात उरणारं हेड.

समुद्रसपाटीला हवेचा दाब म्हणजे ८० अंशांच्या पाण्याचा सुमारे १०.६ मीटरचा स्तंभ. ८० अंशांना पाण्याचा बाष्पदाब ४७ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे ५ मीटर. उरले ५.६. पातळी सगळ्यात खाली असताना अर्धा मीटर मिळाला: ६.१. आता यातून सक्शनचं घर्षण वजा.

४० घनमीटर धरले तर ८० एनबीत वेग २.३ मीटर प्रति सेकंद. सक्शनला मी दीडच्या वर जात नाही. पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह, तोंड धरून नुकसान साधारण १.६ मीटर. जाळी स्वच्छ असेल तर अर्धा मीटर आणखी. हातात राहिले ४ मीटर. जाळी तुंबली तर? ती दोन-अडीच मीटर सहज खाते, मग उरतात दोन.

हाच पाइप १०० एनबी केला तर १.६ चं नुकसान अर्ध्या मीटरच्या खाली येतं. एका साइझने एवढा फरक.

आणि प्लांट उंचावर असेल तर दर हजार मीटरला हवेचे सुमारे १.२ मीटर कमी धरा.

सूरपारंबी

आणि पंपाला लागणारा एनपीएसएच कॅटलॉगमध्ये दिलेला असतो तोच ना? मिळणारा त्याच्याहून जरा जास्त असला की झालं?

काटेकोर

"जरा" वर थांबू नका. कॅटलॉगमधला आकडा अशा स्थितीचा असतो की कॅव्हिटेशनमुळे (द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्यामुळे) हेड ३ टक्के आधीच घसरलेलं आहे. म्हणजे त्या आकड्यावर बुडबुडे फुटायला केव्हाच सुरुवात झालेली असते. गरम पाण्याला मी निदान एक मीटर अंतर ठेवतो, जमलं तर दीड.

निर्झरा

आज सकाळी सगळं मोजलं. लिहिताना हात थरथरतोय, कारण आकडे अपेक्षेपेक्षा फार वेगळे आले.

टाकीचा व्यास २.५ मीटर. इनलेट बंद करून दहा मिनिटांत पातळी १०८ सेंटिमीटर उतरली. म्हणजे ५.३ घनमीटर, तासाला सुमारे ३२. आणि एवढ्या प्रवाहावर प्रोसेस व्यवस्थित चालतेय, कुणाची तक्रार नाही. ४० ची गरज मुळातच नव्हती.

डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या आधी ५.५ किलो, नंतर २.५ किलो.

सक्शनचा गेज पातळी खाली असताना उणे ०.३३. मग पंप थांबवून स्ट्रेनर उघडला. बास्केटमध्ये गॅस्केटचे तुकडे, टेफ्लॉन टेपच्या गुंडाळ्या, वेल्डिंगचे मणी आणि तळाशी चिखलासारखा गंजाचा थर. बोटाने खरवडला तेव्हा जाळीची भोकं दिसायला लागली. धुऊन परत बसवला. गेज उणे ०.०९ वर आला आणि खडीचा आवाज निम्मा झाला. निम्माच, गेला नाही.

जुना फिटर

शाबास. हात घालून बघितलंत, आता पंप तुमच्याशी बोलायला लागला.

वक्ररेषा

वा! या चार आकड्यांत सगळी गोष्ट आहे.

३२ म्हणजे बीईपीच्या (६० धरला तर) ५३ टक्के. ७० च्या पुष्कळ खाली. आवाजाचा उरलेला अर्धा भाग इथला आहे: इतक्या कमी प्रवाहात इंपेलरच्या तोंडाशी पाणी उलटं फिरतं आणि त्याचा आवाज कॅव्हिटेशनसारखाच येतो. एकाच वेळी दोन दुखणी होती, तुंबलेली जाळी आणि अवाढव्य पंप. तुम्ही एक काढलंत.

व्हॉल्व्हमध्ये ३ किलो मरतात, म्हणजे जवळजवळ ३१ मीटर हेड. कार्यक्षमता ५२ टक्के धरली तर नुसत्या त्या व्हॉल्व्हमध्ये सुमारे ५ किलोवॅट जाताहेत. वर्षाला ८००० तास चाललं तर ४०,००० युनिट, एका खडूच्या खुणेपायी. पंपाला प्रत्यक्षात हवं ते ३२ घनमीटर आणि २६ मीटरच्या आसपास.

टॉर्क

मग इंपेलर छाटा आणि मोकळे व्हा.

वक्ररेषा

नाही हो. ५७ मीटरवरून २६ वर यायचं तर व्यास सत्तर टक्क्यांच्या आसपास आणावा लागेल. एवढी छाटणी इंपेलरला सोसत नाही, कार्यक्षमता कोसळते. साधारण ७५-८० टक्क्यांच्या खाली बहुतेक उत्पादक जाऊच देत नाहीत.

बेअरिंगवाला

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावा. वेग कमी केला की प्रवाह वेगाच्या प्रमाणात, हेड वर्गाच्या आणि शक्ती घनाच्या प्रमाणात उतरते. ८० टक्के वेगाला शक्ती फक्त ५१ टक्के.

काटेकोर

हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं आणि अर्धंच असतं. ते लागू पडतं निव्वळ घर्षणाच्या लाइनला, उदाहरणार्थ बंद वळशातलं फिरतं पाणी. इथे १४ मीटरची उंची आहे. या पंपाचं बंद व्हॉल्व्हचं हेड ६० मीटर धरू. वेग निम्मा केला तर १५ राहील. १४ मीटर चढवायलाच ते कसंबसं पुरेल आणि प्रवाह जवळपास शून्य. उंची असलेल्या लाइनला व्हीएफडी लावताना खालची मर्यादा काढून ड्राइव्हमध्ये लॉक करायची, नाहीतर पंप आतल्या आत पाणी घुसळत तापत बसतो.

पण निर्झराताईंच्या बाबतीत कल्पना चांगली आहे. मी वक्र काढून पाहिला: ३२ घनमीटर आणि २६ मीटरला वेग साधारण ६९ टक्के, म्हणजे २००० आरपीएम, ३५ हर्ट्झच्या आसपास. त्या वेगाला बीईपीसुद्धा ४१-४२ घनमीटरवर सरकतो, म्हणजे पंप बीईपीच्या ७७ टक्क्यांवर येतो. शाफ्टवरची शक्ती नऊ-सव्वानऊवरून साडेतीनच्या जवळ.

बेअरिंगवाला

दुरुस्तीबद्दल आभार. आमच्याकडे कूलिंग वॉटरचा वळसा आहे, म्हणून मला ते वाक्य नेहमी खरंच वाटत आलं.

गाळोबा

तुमचं पाणी स्वच्छ आहे म्हणून हे सगळं इतकं नेटकं जमतंय. मी गाळात काम करतो, तिथले हिशोब निराळे.

स्लरीत इंपेलरची झीज वेगाबरोबर फार झपाट्याने वाढते, वेगाच्या घनाच्या जवळपास. त्यामुळे आम्ही कार्यक्षमता सोडून देतो आणि मोठा, संथ, रबर लावलेला पंप घेतो. पण फार संथ केलं तर पाइपात गाळ बसतो. खालून-वरून दोन्हीकडून मर्यादा. एकदा आम्ही वीज वाचवायला वेग उतरवला आणि तिसऱ्या दिवशी आडवी लाइन गच्च भरली. फ्लँज खोलले तर आत फरशीसारखा थर. चौदा तास लागले मोकळं करायला.

कण मऊ असतील किंवा द्रव पेस्टसारखा असेल तर प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटी. रबरी स्टेटर आणि त्यात फिरणारा मळसूत्री रोटर. फ्रेंच अभियंता रने म्वानो याने १९३० च्या सुमारास काढलेली कल्पना, आजही तिला तोड नाही. पण कोरडा चालला तर काही मिनिटांत स्टेटर जळतो. ड्राय रन संरक्षण आधी, पंप नंतर.

रसायनी

गाळोबांनी विषय काढलाच आहे तर घट्ट द्रवांबद्दल. ग्लिसरीन २० अंशांना सुमारे १४०० सेंटिपॉइज, ६० अंशांना ८०. द्रव तोच, पण थंड असताना गिअर किंवा स्क्रू पंपाचं काम आणि गरम असताना सेंट्रिफ्युगलसुद्धा ओढून नेईल. म्हणून "स्निग्धता किती" या प्रश्नाला तापमानाशिवाय अर्थ नाही. सगळ्यात थंड सकाळी पंप चालू करायचा आहे, तेव्हाची स्निग्धता धरा.

आणि कळकळीची विनंती: गिअर, स्क्रू, लोब, प्लंजर, यांतला कुठलाही पंप असो, डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून कधी चालू करू नका. सेंट्रिफ्युगल बंद व्हॉल्व्हवर तापतो, पण दाब त्याच्या वक्रापुरताच चढतो. हे पंप मात्र काहीतरी फुटेपर्यंत दाब चढवतात. रिलीफ व्हॉल्व्ह हवाच, आणि तो पंप आणि पहिल्या व्हॉल्व्हच्या मध्ये. सेंट्रिफ्युगलवर वाढलेला एक चांगला ऑपरेटर आमच्याकडे सवयीने डिलिव्हरी बंद करून गिअर पंप सुरू करायला गेला. गॅस्केट उडालं. तो बाजूला उभा होता म्हणून वाचला. तेव्हापासून प्रत्येक पंपावर तो कुठल्या प्रकारचा आहे ते मोठ्या अक्षरांत रंगवून घेते.

टॉर्क

हे वाचून उद्याच आमच्या पंपांवर रंगवून घेतो.

सायलेंट वाचक

बरीच वर्षं नुसता वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. मॅग्नेटिक ड्राइव्हबद्दल कुणी बोललं नाही. सील नाही म्हणजे सीलचा प्रश्नच नाही, मग तोच का घेऊ नये?

जुना फिटर

लिहीत राहा.

मॅग्नेटिक ड्राइव्ह उत्तम, जिथे गळती चालणारच नाही तिथे, विषारी किंवा पेट घेणाऱ्या द्रवाला. पण त्याची आतली बेअरिंगं त्याच द्रवावर जगतात. निर्झराताईंच्या जाळीत काय निघालं ते वाचलंत ना? गंज. लोखंडाचा तो चुरा चुंबकाला जाऊन चिकटतो आणि शेल (आतल्या-बाहेरच्या चुंबकांमधलं पातळ कवच) घासून काढतो. जाळी तुंबून पंप कोरडा पडला तर बेअरिंगं तडकतात. शेल धातूचं असेल तर त्यात एडी करंटची (फिरत्या चुंबकामुळे धातूत तयार होणाऱ्या विजेची) उष्णता वेगळी, आणि इथे पाणी मुळातच वाफ व्हायला टपलेलं. या जागी सक्शन सुधारल्याशिवाय तो टिकणार नाही, आणि सक्शन सुधारल्यावर साधं सीलही टिकेल.

पाना-पक्कड

१४५० आरपीएमच्या कोटेशनला मात्र मी पटकन नाही म्हणणार नाही. संथ पंपाला लागणारा एनपीएसएच कमी, झीज कमी.

वक्ररेषा

बरोबर, पण या कामाला किंमत मोजावी लागेल. २६-३० मीटर हेड १४५० वर काढायचं तर इंपेलर ३०० मिलिमीटरच्या पुढे जातो आणि प्रवाह फक्त ३२-४०. मोठा, बारीक तोंडाचा इंपेलर. कार्यक्षमता पन्नाशीच्या आसपास राहील. २९०० वर तेच काम सत्तरीच्या जवळ जाईल. सक्शन दुरुस्त होण्यासारखी नसती तर मी १४५० घेतला असता. इथे पाइप बदलणं शक्य दिसतंय.

पाना-पक्कड

पटलं. सक्शन बदलता येत नसेल तरच.

सूरपारंबी

धातूचं काय? एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलची एक जात) घेतलं की सगळीकडे चालतं असं आमच्याकडे म्हणतात.

रसायनी

नाही चालत. पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ३१६ ला खाऊन टाकतं, तिथे पॉलिप्रॉपिलीन किंवा पीव्हीडीएफ, म्हणजे प्लास्टिकचे पंप. क्लोराइडच्या गरम पाण्यात ३१६ ला खड्डे पडतात. उलट ९८ टक्के सल्फ्युरिक साध्या तापमानाला, वेग कमी असेल तर, कास्ट आयर्नमध्येही राहतं. तेच पातळ झालं की कास्ट आयर्न संपलं. कॉस्टिकला अ‍ॅल्युमिनियम कधीच नको. निर्झरा, तुझ्या थोड्याशा कॉस्टिकला ३१६ ठीक आहे, पण सील आणि ओ-रिंगचं मटेरियल तपास. व्हायटॉन रबर गरम कॉस्टिकमध्ये लवकर जातं, ईपीडीएम रबर घे.

निर्झरा

रसायनीताई, आमच्या सीलमध्ये व्हायटॉनच आहे. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. काढलेल्या सीलच्या ओ-रिंग जपून ठेवल्या होत्या. नखाने दाबल्या तर खाचा पडतात आणि कडा फुगून चिरलेल्या आहेत.

जुना फिटर

तिसरं दुखणं सापडलं.

निर्झरा (अठरा दिवसांनी)

मंडळी, खबर द्यायला आले.

वरिष्ठांपुढे चार आकडे आणि व्हॉल्व्हमध्ये जाणाऱ्या ४०,००० युनिटांचं गणित ठेवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि स्वतः येऊन गेज बघितले. २२ किलोवॅटचा प्रस्ताव मागे घेतला.

शटडाऊनमध्ये सक्शन १०० एनबी केली, दोन एल्बो कमी झाले, स्ट्रेनर मोठा घेतला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गेज लावले. ओ-रिंग ईपीडीएम. स्टोअरमध्ये एका बंद झालेल्या लाइनचा व्हीएफडी पडून होता, तो तात्पुरता जोडला. डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. चाकावरची खडूची खूण ऑपरेटरने स्वतः पुसली.

३५ हर्ट्झला टाकीची पातळी दहा मिनिटांत १११ सेंटिमीटर उतरली, म्हणजे ३२-३३ घनमीटर. आवाज गेला. पंपावर हात ठेवला तर नुसती मऊ थरथर.

नवे दोन पंप (एक चालू, एक स्टँडबाय) मागवतोय: ३६ घनमीटर, २८ मीटर, २९०० आरपीएम, ७.५ किलोवॅट, मधल्या व्यासाचा इंपेलर, चाचणी आयएसओ ९९०६ (पंप चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे आणि एनपीएसएचची चाचणीसुद्धा. मार्जिन एकाच ठिकाणी, कागदावर लिहून. पाना-पक्कड, तुमचं वाक्य तसंच्या तसं नोटमध्ये घातलंय.

एक शंका राहिली. जुनी लाइन काढताना पंपाच्या तोंडाशी एक्सेंट्रिक रिड्यूसर (एक बाजू सपाट ठेवून पाइप निमुळता करणारा तुकडा) होता, त्याची सपाट बाजू खाली होती. नवीन बसवताना फिटरने विचारलं आणि मी वर घ्यायला सांगितली. बरोबर केलं ना?

जुना फिटर

अगदी बरोबर. पाणी आडव्या पाइपातून येतंय, तेव्हा सपाट बाजू वरच हवी. खाली असली की वरच्या उतारात हवेचा फुगा अडकून बसतो आणि अधूनमधून पंपात शिरतो. इतकी वर्षं तोही तुमचं सील खात होता.

काटेकोर

नवे पंप आले की पहिल्या दिवसाचे तिन्ही गेजचे आकडे आणि टाकीची चाचणी इथेच टाका. उत्पादकाच्या वक्रावर तो बिंदू मांडून बघू.

निर्झरा

नक्की टाकते. स्ट्रेनरच्या दोन गेजमधला फरक रोज सकाळी लॉगबुकात लिहायला कालपासून सुरुवात केली आहे. आजचा ०.०३.